मंडळीचे वर्ष आणि शेताचे वर्ष
(ग्रामोपदेशकांसाठी पाठ)

वाचावयाचे शास्त्रभाग : लूक ३:७-१४, मत्तय १८:२३-३५, १ करिंथ. १५:१-११ व ३५-३८, योएल २:२१-२९, हबक्कूक ३:१७-१९.

खेड्यातील मंडळीत वचनाची सेवा करणाऱ्या उपदेशकास दोन पंचांगे जवळ बाळगावी लागतात. एक मंडळीचे; त्यात आगमनकाळ, नाताळ, प्रकटीकरण, उपवासकाळ, पुनरुत्थानाचा सण, पन्नासावा दिवस ही नावे क्रमाने येतात. दुसरे शेताचे, त्यात मृग, पेरणी, निंदण, पोळा, सोंगणी, वेचणी व नांगरणी ही नावे येतात. पहिले पंचांग उपदेशकाच्या हातात असते. दुसरे त्याच्या श्रोत्यांच्या अंगात भिनलेले असते. या दोहोंचा मेळ उपदेशात कसा घालावा, हा प्रश्न वऱ्हाडातील प्रत्येक उपदेशकापुढे आहे, आणि त्याचाच विचार या पाठात करण्याचे आम्ही योजिले आहे.

उदाहरणासाठी आम्ही पातूरचा मुलूख घेतो. पातूर हे गाव अकोल्याहून वाशीमकडे जाणाऱ्या वाटेवर डोंगराच्या पायथ्याशी वसले आहे. उत्तरेस काळ्या जमिनीचा सपाट प्रदेश, दक्षिणेस घाट. शेती बहुतेक कोरडवाहू. पूर्वी कापूस व ज्वारी ही येथील मुख्य पिके होती. गेल्या तीसेक वर्षांत सोयाबीनने ज्वारीची बरीच जागा घेतली आहे, आणि जोडीस तूर व हरभरा आहेत. अशा गावी राहून आसपासच्या चारपाच खेड्यांत उपासना चालविणाऱ्या उपदेशकास डोळ्यांपुढे ठेवून आम्ही लिहीत आहो.

अकोल्यास केंद्र करून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून ख्रिस्ती व मिशनरी अलायन्सचे काम या भागात चालले. त्या परंपरेच्या मंडळ्यांत वर्षभराचे नेमलेले पाठ वाचण्याची सक्ती नाही; मोठे सण पाळून बाकीच्या रविवारी उपदेशक आपल्या मनाने शास्त्रभाग निवडतो. उलट २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या मंडळ्यांसाठी काळाकाळाचे पाठ नेमून दिलेले असतात. अडचण दोहींकडे आहे. ज्यास निवड मोकळी असते तो पुष्कळदा आपल्या आवडीच्या दहाबारा भागांभोवती फिरत राहतो, आणि मंडळीस शास्त्राचा मोठा भाग ऐकावयास मिळत नाही. ज्यास पाठ नेमून दिलेले असतात तो ते वाचतो खरा, पण परदेशी पुस्तकांतील दृष्टांत जसेच्या तसे उचलून पुढे ठेवतो. म्हणून मंडळीच्या वर्षाचा क्रम घ्यावा, आणि त्याचा अर्थ आपल्या शेतातून व आपल्या गावातून उलगडावा, असे आमचे दोघांसही सांगणे आहे.

१. वर्षाची गणना

मंडळीचे वर्ष आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी सुरू होते. हा रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान येतो. नाताळची तारीख कायमची आहे. ईस्टरची मात्र फिरते. इ. स. ३२५ च्या नीकिया येथील धर्मसभेनंतर रूढ झालेल्या नियमाप्रमाणे, २१ मार्च रोजी किंवा त्यानंतर जी पौर्णिमा येते तिच्या पुढील रविवारी हा सण येतो. म्हणून तो २२ मार्चच्या आधी व २५ एप्रिलच्या नंतर कधीही येत नाही. खेड्यातील श्रोत्यास हे तिथीने सांगितले तर चटकन समजते. २०२४ साली ईस्टर होळीनंतरच्या रविवारी, ३१ मार्चला आला; २०२६ साली चैत्री पौर्णिमेनंतरच्या रविवारी, ५ एप्रिलला.

ईस्टरच्या आधी रविवार वगळून ४० दिवस उपवासकाळ असतो. ईस्टरपासून चाळिसाव्या दिवशी स्वर्गारोहण, आणि पन्नासाव्या दिवशी पवित्र आत्म्याच्या आगमनाचा सण येतो. तेथून पुढच्या आगमनकाळापर्यंत कमीत कमी २३ व अधिकात अधिक २८ रविवार उरतात. म्हणजे जवळजवळ अर्धे वर्ष सणावाचून जाते, आणि आपल्याकडे तेच अर्धे वर्ष पावसाचे व कामाचे असते.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. शास्त्रातील देशाचा पाऊस व आपला पाऊस एक नव्हे. पॅलेस्टाईनात पाऊस हिवाळ्यात पडतो. आगोटीचा पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरात, वळवाचा मार्च-एप्रिलात, आणि उन्हाळा कोरडा जातो. तेथील गहू व जव यांची पेरणी व कापणी आपल्या रब्बीशी जुळते, खरिपाशी नव्हे. याकोबाच्या पत्रातील आगोटीच्या व वळवाच्या पावसाची वाट पाहणारा शेतकरी (५:७) आपल्या श्रोत्यास मृगाची वाट पाहणारा वाटतो. वाट पाहण्याचे दुःख एकच आहे, म्हणून त्यात फार बिघडत नाही. परंतु उपदेशकास स्वतःस फरक ठाऊक असला पाहिजे.

२. शेत साक्षीदार आहे, जामीनदार नव्हे

शेतातील दृष्टांत घ्यावा हे कोणीही सांगेल. प्रभूने स्वतः पेरणाऱ्याचा, निदणाचा व मोहरीच्या दाण्याचा दृष्टांत घेतला. परंतु दृष्टांतावर किती भार घालावयाचा हे ठरविणे अवघड आहे, आणि पौलाने १ करिंथकरांस पत्राच्या १५ व्या अध्यायात त्याचा उत्तम कित्ता घालून दिला आहे. तेथे पेरलेल्या दाण्याचा दृष्टांत आहे, पण तो ३६ व्या ओवीपासून पुढे येतो. त्याच्या कितीतरी आधी, ३ ते ८ या ओव्यांत, ख्रिस्त मरण पावला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठविला गेला, आणि अमक्या अमक्यांस दिसला, अशी साक्ष क्रमाने दिली आहे. आधी घडलेली गोष्ट, मग साक्षीदार, आणि शेवटी दाणा. दाणा उगवतो म्हणून ख्रिस्त उठला, असे पौल म्हणत नाही. ख्रिस्त उठला आहे हे सिद्ध केल्यावर, मेलेले कोणत्या प्रकारे उठतात असे विचारणाऱ्यास तो शेताकडे बोट दाखवितो.

यावरून आम्ही हा नियम काढतो : उपदेशात शेत साक्षीदार म्हणून उभे करावे, जामीनदार म्हणून करू नये. साक्षीदार पाहिलेले सांगतो. जामीनदार भरून देण्याचे कबूल करतो. जो उपदेशक म्हणतो, “जसा मृग येतो तसा देवही येतो,” त्याने शेतास जामीन ठेविले. ज्या वर्षी मृग कोरडा जातो त्या वर्षी त्याच्या श्रोत्याचे दोन बुडतात. पेरलेले बी आणि ऐकलेले वचन. वऱ्हाडात दुबार पेरणी ही नवलाची गोष्ट नाही. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून कर्जबाजारी शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी या प्रांतातील कित्येक घरे उजाड केली आहेत. अशा प्रांतात व्यासपीठावरून पिकाचे आश्वासन देणे ही लहान चूक नव्हे.

म्हणून उपदेश लिहून झाल्यावर त्यातील प्रत्येक मोठे वाक्य एका प्रश्नावर घासून पाहावे. ज्या घरी यंदा पीक बुडाले, त्या घरी ओसरीवर बसून हे वाक्य बोलता येईल काय? येत नसेल तर ते रविवारीही बोलू नये. हा प्रश्न हाती घेऊन आता एकेक काळ पाहू.

३. आगमनकाळ : कापसाचा काटा

आगमनकाळ येतो तेव्हा पातूरकडील शेतांत कापसाची वेचणी चालू असते. बाया पहाटे डबा घेऊन शेतात जातात व किलोमागे ठरलेल्या दराने मजुरी घेतात. ज्याचा कापूस घरी आला तो भाव चढण्याची वाट पाहतो. ज्याची नड मोठी तो खेडा खरेदीच्या काट्यावर मिळेल त्या भावास घालून मोकळा होतो. अशा वेळी वाट पाहणे म्हणजे काय हे मंडळीस समजावून सांगण्याची गरज नाही. कोणाची वाट पाहावयाची व ती पाहत असता वागावे कसे, हे सांगावयाचे असते.

अलायन्सच्या शिकवणीत ख्रिस्त हा तारणारा, पवित्र करणारा, बरे करणारा व येणारा राजा, अशी चार पदे आहेत. चौथे पद आगमनकाळाचेच आहे. परंतु येणाऱ्या राजाविषयीचा उपदेश पुष्कळदा शेवटल्या काळाच्या चिन्हांत गुरफटून जातो. लूक ३:७-१४ यापासून वाचवील. लोक योहानास विचारतात, आम्ही काय करावे? त्याची उत्तरे पाहा. ज्याजवळ दोन अंगरखे त्याने एक नसलेल्यास द्यावा. जकातदारांनी ठरल्याहून अधिक घेऊ नये. शिपायांनी जुलूम करू नये व आपल्या पगारात संतुष्ट असावे. राजा येत आहे म्हणून काटा सरळ करा, असा त्या उपदेशाचा अर्थ होतो.

मंडळीत वेचणारी बाईही बसलेली असते व शेतमालकही. तिचे वजन नीट होते काय, मजुरी वेळेवर मिळते काय, हे आगमनकाळाचे प्रश्न होत. आमोस ८:५ मध्ये खोट्या मापांविषयी व याकोब ५:४ मध्ये अडकवून ठेवलेल्या मजुरीविषयी जे आहे ते याच महिन्यात वाचावे. नावे घेऊ नयेत, कोणाकडे पाहून बोलू नये. वचन वाचले म्हणजे ज्याचे त्यास कळते. चारही रविवार वेचणीमुळे उपस्थिती कमी राहील. म्हणून उपासना सायंकाळी दिवेलागणीनंतर ठेवावी, आणि उपदेश वीस मिनिटांपलीकडे नेऊ नये.

४. नाताळ व प्रकटीकरण : गव्हाण व शेजारी

नाताळात पुण्यामुंबईस कामासाठी गेलेली माणसे गावी येतात, आणि शेजारपाजारचे इतर धर्मांचे लोकही उपासनेस येऊन बसतात. वर्षातून एकदाच ऐकणारे असे कित्येक श्रोते समोर असतात. त्यांच्यापुढे कोणाच्या धर्माची निंदा करणे, किंवा मंडळीतील भांडणे काढणे, हे दोन्ही वर्ज्य समजावे. लूक २:१-२० सावकाश वाचावे, आणि गोष्ट गोष्टीसारखी सांगावी.

गव्हाण हा शब्द आपल्या लोकांस परका नाही. ज्या शब्दाने शास्त्र बाळाच्या शय्येचे वर्णन करते, त्याच शब्दाने ते आपल्या गोठ्यातील बैलाच्या चाऱ्याची जागा ओळखतात. म्हणून येथे शृंगाराची गरज नाही. सरकारी हुकमामुळे घर सोडून गेलेले जोडपे, जागा न मिळणे, परक्या गावी बाळंतपण होणे, हे सर्व परगावी मजुरीस जाणाऱ्यांनी भोगलेले आहे. जेथे कोणी कीर्तनकार असेल तेथे नाताळच्या रात्री कीर्तन करावे. अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) ख्रिस्ती लोकांनी एकोणिसाव्या शतकात हा प्रकार रूढ केला, आणि तो खेड्यातील श्रोत्यांस अजूनही रुचतो.

६ जानेवारीचा प्रकटीकरणाचा सण आपल्याकडे बहुधा दुर्लक्षिला जातो. मत्तय २ मध्ये पूर्वेकडील परके लोक प्रथम नमन करावयास आले, हा त्याचा विषय. पातूर हे अनेक धर्मांच्या शेजाराचे गाव आहे. डोंगरात प्राचीन कोरीव लेणी आहेत, टेकडीवर रेणुकामातेचे देवस्थान आहे, आणि शेख बाबूंच्या दर्ग्यावरून जुन्या कागदांत गावाचे नावच पातूर-शेखबाबू असे येते. अशा गावी प्रकटीकरणाचा उपदेश शेजाऱ्याविषयीच्या आदराने भरलेला असावा. मागी लोकांस बेथलेहेमात कोणी वादात जिंकले नव्हते. ते स्वतः शोधीत आले, आणि त्यांस दार उघडे मिळाले.

५. उपवासकाळ : ऋण

फेब्रुवारी-मार्चात हरभरा व गहू निघतात, पऱ्हाटीची उलंगवाडी झालेली असते, आणि मार्चअखेर जवळ येऊ लागते. सोसायटीची व बँकेची वसुली याच दिवसांत चालते. उपवासकाळही याच दिवसांत येतो, आणि आमच्या मते वऱ्हाडातील उपदेशकास वर्षातील सर्वांत अवघड व सर्वांत उपयोगी काम येथेच आहे.

प्रभूच्या प्रार्थनेत, मत्तय ६:१२ मध्ये, आपल्या मराठी शास्त्रात ऋण हाच शब्द आहे, आणि मूळ ग्रीक शब्दाचाही अर्थ देणे असाच होतो. आपली मंडळी दर रविवारी कर्जाचा शब्द उच्चारून प्रार्थना करते, आणि ज्या सतरंजीवर ऋणको बसतो तिच्यावरच कधी धनकोही बसतो. या शब्दावर उपदेश करताना मत्तय १८:२३-३५ मधील निर्दय चाकराचा दाखला घ्यावा, आणि त्यातील आकडे फोडून सांगावे. दिनार ही एका दिवसाची मजुरी होती, हे मत्तय २०:२ वरून कळते. एका तालांताचे सुमारे ६,००० दिनार होत. म्हणजे राजाने सोडलेले १०,००० तालांत हे सहा कोटी दिवसांच्या मजुरीइतके झाले. कोणासही अनेक जन्मांत न फिटणारे. सोबतीचे देणे १०० दिनार, म्हणजे तीन-सव्वातीन महिन्यांची मजुरी.

येथे सावध राहावे. ते १०० दिनार काहीच नव्हते, असे म्हणू नये. तीन महिन्यांची मजुरी म्हणजे काय, हे मजुरास ठाऊक आहे. लहान देणे खरे आहे म्हणूनच ते सोडण्यास मोल आहे. तसेच कर्ज हे पापाचे फळ, किंवा पीक बुडणे ही देवाची शिक्षा, असे एक अक्षरही उपदेशात येऊ देऊ नये. लूक १३:१-५ मध्ये शिलोहाच्या बुरुजाखाली मेलेल्यांविषयी प्रभूने हाच तर्क मोडून काढला आहे.

उपवासाविषयी यशया ५८ वाचावे. ज्यांच्या घरी एरवीही पोटभर नाही त्यांस उपवास सांगण्यापेक्षा, ज्यांच्या घरी आहे त्यांस जुवाच्या दोऱ्या सोडण्यास सांगावे, असा त्या अध्यायाचा रोख आहे. आणि ज्या घरातील कर्ता पुरुष कर्जापायी स्वतःच्या हाताने गेला, त्या घरच्या विधवेस व लेकरांस व्यासपीठावरून काही सांगण्याआधी उपदेशकाने त्यांच्या घरी जाऊन बसावे. खचलेल्या माणसाकडे चाळीस दिवसांत एकदा तरी जाणे, त्याच्याशी बोलणे, गरज दिसल्यास त्यास एकटे न सोडता दवाखान्यात नेणे, हा या काळाच्या तयारीचाच भाग आहे.

६. उत्तम शुक्रवार व पुनरुत्थान : तहान व साक्ष

उत्तम शुक्रवारी बारा ते तीन वाजेपर्यंत वधस्तंभावरील सात उद्गारांवर मनन करण्याची चाल पुष्कळ ठिकाणी आहे. ती सतराव्या शतकाच्या अखेरीस दक्षिण अमेरिकेतील लिमा शहरी सुरू झाली व तेथून सर्वत्र पसरली. परंतु पातुरास एप्रिलात टीनाच्या छपराखाली भर दुपारी तीन तास बसणे वृद्धांस व लेकुरवाळ्यांस धोक्याचे असते. तेथे उपासना सकाळी लवकर घ्यावी. वेळेचे बंधन शास्त्राने घातलेले नाही. आणि दुपारीच घ्यावयाची असेल तर पाण्याचे माठ दाराशी भरून ठेवावे. पाचवा उद्गार तहानेचा आहे (योहान १९:२८). विहिरी तळाला गेलेल्या दिवसांत त्या उद्गारावर बोलणाऱ्याने आधी श्रोत्यास पाणी द्यावे.

पुनरुत्थानाच्या उपदेशात परदेशी पुस्तकांची छाया सर्वांत अधिक पडते. थंड देशांत ईस्टर वसंतात येतो. बर्फ वितळते, गवत उगवते, म्हणून तेथील उपदेशक फुलांची व कोंबांची भाषा बोलतात. आपल्याकडे त्या दिवशी रान नांगरून उघडे पडलेले असते, काळ्या जमिनीस भेगा गेलेल्या असतात, आणि पुढे अजून दोन महिने तापावयाचे असते. डोंगरातील पळस तेवढा पर्णहीन फांद्यांवर फुलून गेलेला असतो.

आम्हांस वाटते, ही अडचण नसून लाभ आहे. फुलांचा आधार नसला म्हणजे उपदेशकास साक्षीदारांकडे वळावे लागते. झाड दर वर्षी पालवते. मेलेला मनुष्य दर वर्षी परत येत नाही. पुनरुत्थान ही ऋतूची पालट नव्हे, एकदा घडलेली गोष्ट आहे. ती मरिया मग्दालियेने सांगितली, पेत्राने सांगितली, पाचशेहून अधिक बंधूंनी पाहिली असे पौल लिहितो. म्हणून ईस्टरचा उपदेश उजाड रानाकडे तोंड करूनही करता येतो. कित्येक गावी मंडळी पहाटे कबरस्तानात मेणबत्त्या घेऊन जमते. तेथे दहा मिनिटांहून अधिक बोलू नये. ज्यांची माणसे तेथे पुरलेली आहेत त्यांस साक्ष ऐकावयाची असते, अलंकार नव्हेत.

७. पन्नासावा दिवस : मृगाच्या तोंडावर

हा सण १० मे ते १३ जून यांच्या दरम्यान येतो. २०२५ साली तो ८ जूनला, मृग लागण्याच्या सुमारासच आला. यहूदी लोकांत हा गव्हाच्या कापणीचा सण होता (निर्गम ३४:२२). आपल्याकडे तो पेरणीपूर्वीचा होतो. तेथे कोठारे भरलेली, येथे बियाण्याची व खताची जुळवाजुळव चाललेली.

पेत्राने त्या दिवशी योएलाचा आधार घेतला. योएल हा शेतकऱ्यांच्या संकटाचा संदेष्टा आहे. त्याच्या पहिल्या अध्यायात टोळधाड, करपलेले शेत व हंबरणारी गुरे आहेत. दुसऱ्या अध्यायात पावसाचे वचन २३ व्या ओवीत व आत्म्याचे २८ व्या ओवीत येते. मोह असा होतो की, दोन्ही एकत्र बांधून यंदा पाऊस चांगला पडेल असे सांगावे. तसे करू नये. पेत्राने आपल्या उपदेशात योएलाच्या ग्रंथातून आत्म्याचेच वचन घेतले, पावसाचे घेतले नाही, हे लक्षात ठेवावे. पावसासाठी मंडळीने प्रार्थना अवश्य करावी. मनापासून व नाव घेऊन करावी. पण पाऊस नीतिमानांच्या व अनीतिमानांच्या शेतांवर सारखाच पडतो (मत्तय ५:४५), हेही सांगावे. आत्म्याचे वचन सर्व देहधाऱ्यांस आहे. तरुण, वृद्ध, दास व दासी यांस. तो पावसाप्रमाणे एका शिवारात पडून दुसरे सोडीत नाही.

८. लांब काळ व उपकारस्तुती

पुढील २३ ते २८ रविवार सलग शिक्षणाचे समजावे. पेरणी, डवरणी व निंदण यांच्या घाईत मंडळी विरळ असते. जो या रविवारी आला तो पुढील रविवारी येईलच असे नाही. म्हणून एक ग्रंथ क्रमाने घ्यावा, पण प्रत्येक उपदेश स्वतःपुरता पुरा असावा. मार्ककृत शुभवर्तमान, रूथ व याकोबाचे पत्र हे तीन ग्रंथ या काळास पुरतात. रूथचा ग्रंथ सोंगणीच्या दिवसांत घ्यावा. लेवीय १९:९ मधील सरव्याचा नियम त्याबरोबर वाचावा. शेताच्या कडेचे पीक व मागे पडलेली कणसे गरिबांची होत, हा तेथे दानधर्म नाही, हक्क आहे.

सोयाबीन घरी आल्यावर पहिल्या उत्पन्नाची उपकारस्तुती होते. आणलेल्या वस्तूंचा लिलाव करण्याची चाल कित्येक ठिकाणी आहे. ती असो; पण कोणी काय आणले हे मोठ्याने पुकारू नये. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने विदर्भातील कापसाचे मोठे नुकसान केले. अशा वर्षी रित्या हाताने येणारी घरे असतातच. त्या वर्षी उपदेशासाठी हबक्कूक ३:१७-१९ घ्यावे. अंजीर फुलले नाही, शेताने अन्न दिले नाही, गोठ्यात गुरे राहिली नाहीत, हे सर्व तेथे एकेक करून मोजले आहे, लपविलेले नाही. ते मोजून झाल्यावर संदेष्टा आपला आनंद देवाच्या ठायी ठेवतो. पिकावर न टेकलेली उपकारस्तुती कशी असते ते येथे दिसते. चांगल्या वर्षीही हा भाग एकदा वाचून ठेवावा, म्हणजे वाईट वर्षी तो परका वाटणार नाही.

९. तयारीची रीत

आगमनकाळापूर्वी एका मोठ्या कागदावर तीन रकाने आखावे : मंडळीचा काळ, शास्त्रभाग, आणि त्या आठवड्यातील शेतकाम. वर्षाचे ५२ रविवार भरावे. तिसरा रकाना उपदेशकाने एकट्याने भरू नये. मंडळीतील एक शेतकरी, एक मजूर व एक गृहिणी यांस विचारून भरावा.

आठवड्याची रीत अशी : सोमवारी शास्त्रभाग तीन वेळा मोठ्याने वाचावा. मंगळवारी त्यातील अवघड शब्द व चालीरीती समजून घ्याव्या. बुधवारी व गुरुवारी घरभेटी कराव्या, आणि तो भाग मनात धरून लोकांचे बोलणे ऐकावे. शुक्रवारी एका वाक्यात उपदेशाचा विषय लिहावा; वाक्य होत नसेल तर विषय अद्याप सापडला नाही असे समजावे. शनिवारी सर्व लिहून काढून वर सांगितलेल्या प्रश्नावर घासावे. जे वाक्य बुडालेल्या घरी बोलता येत नाही ते खोडावे, आणि त्या जागी बोलता येईल असे खरे वाक्य शोधावे. ते न सापडल्यास जागा रिकामी सोडावी आणि नुसते वचन वाचावे.

मासिक सभेत विचारावयाचे प्रश्न

१. गेल्या वर्षी आपण कोणत्या शास्त्रभागांवर उपदेश केले? कोणता ग्रंथ मुळीच आला नाही?
२. १ करिंथ. १५ मध्ये साक्ष आधी व दाणा नंतर का येतो?
३. आपल्या मंडळीतील धनको व ऋणको या दोघांसही एकाच वेळी ऐकविता येईल असा मत्तय १८:२३-३५ वरील उपदेश कसा मांडाल?
४. योएल २:२१-२९ व प्रे. कृत्ये २:१६-२१ शेजारी ठेवून वाचा. पेत्राने काय घेतले व काय सोडले?
५. आपल्या गावी या घडीस कोणत्या घरी जाऊन बसणे अगत्याचे आहे? कोण जाईल, व कोणत्या दिवशी? याचे उत्तर सभा उठण्यापूर्वी ठरवावे.